लेझीम हातात देताना

पहिल्या दिवशी मी मुलींना रांगेत उभंच करत नाही. शाळेच्या मैदानात लेझमींचा ढीग ओतते आणि म्हणते, घ्या, वाजवा. दहा मिनिटं नुसता कल्लोळ. मग एखादी थांबते, साखळीकडे निरखून बघते आणि विचारते, "बाई, हिचा आवाज काऊन बारीक येऊन राह्यला?" शिकवणं मी तिथून सुरू करते. वऱ्हाडातल्या तिवस्यात इतकी वर्षं मुलींना साधन कवायत शिकवताना मला एक गोष्ट पटली आहे: साधन घेऊन नाचायचं असेल तर आधी त्या साधनाचं ऐकावं लागतं. पावलं मागाहून येतात.

लेझीम दिसायला साधी. साधारण दीड फुटाचा लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि साखळीच्या मधोमध धरायला मूठ. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मूठ. हात जवळ असताना साखळीला झोळ असतो आणि चकत्या सैल लोंबतात. हात झटक्यानं लांब नेले की झोळ संपतो, साखळी ताठ होते, चकत्या एकमेकींवर आपटतात. हात पुन्हा जवळ आणले की दुसरा आवाज. मुलींची चूक ठरलेली असते. त्या ओढत राहतात, आणि हळू ओढलं की चकत्या एकेक करून घसरतात, खर्रर्र असा लांबलेला आवाज येतो. टणकन एकच आवाज हवा असेल तर हात लांब नेऊन एकदम थांबवावे लागतात. हे थांबणं मनगटाचं काम आहे. खांद्यानं केलं तर पाचव्या मिनिटाला हात भरून येतो. म्हणून कोणी "बाई, खांदा दुखून राह्यला" म्हणाली की मी तिला विश्रांती देण्याआधी तिची पकड बघते. बहुतेक वेळा मूठ गच्च आवळलेली असते.

दांडा आणि साखळी मिळून धनुष्यासारखा आकार होतो, आणि तो योगायोग नाही. लेझीम हा शब्द फारसीतून आला. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेल्या धनुष्यावर तिरंदाज आपले हात कमवत. इराणच्या जुन्या व्यायामशाळांत, म्हणजे जूरखान्यांत, असलं जड लोखंडी धनुष्य डोक्यावर दोन्ही बाजूंना हलवण्याचा व्यायाम आजही चालतो. ते त्याला कबादे म्हणतात. आपल्याकडे ते हलकं झालं, आखाड्यातून मिरवणुकीत आणि मिरवणुकीतून शाळेत आलं. हत्याराचा नाच होणं ही एकट्या महाराष्ट्राची गोष्ट नाही. इजिप्तच्या दक्षिणेत पुरुष तहतीब नावाचा काठीचा खेळ खेळतात. मूळ तो लढण्याचा. 2016 मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं. त्याच काठीची हलकी, वाकड्या मुठीची छडी बायकांनी हातात घेतली आणि तिचा नाच झाला. ज्याला जग बेली डान्स म्हणतं, त्यातला छडीचा प्रकार हा असा आला.

वऱ्हाडात देशी व्यायामाची परंपरा सांगायची तर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव घ्यावंच लागतं. वैद्य बंधूंनी ते 1914 मध्ये उभं केलं. मंडळाचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. देशी व्यायाम शास्त्रशुद्ध शिकवता येतो, नुसता घामाचा विषय नाही, ही जाण आमच्या भागात अशा संस्थांमुळे रुजली. 

शाळेतली लेझीम म्हणजे हिंदी लेझीम. तिचे हुकूमही हिंदी: चार आवाज, एक जगह, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. पश्चिम महाराष्ट्रात हलगीवर खेळतात ती घाटी लेझीम वेगळी, अधिक मोकळी आणि दमछाक करणारी. मी आठवडाभर चार आवाजच घेते. पाय जागेवर, फक्त हात आणि कंबर. खाली वाकताना आवाज, उठताना आवाज, आणि प्रत्येक आवाज मोजणीच्या नेमक्या आकड्यावर. पाय हलू लागले की कान बंद होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून पायांची घाई मी करत नाही. काही शिक्षक आधी रिकाम्या हातांनी पावलं पक्की करतात आणि शेवटी लेझीम देतात. मला ते पटत नाही. लेझमीचं वजन शरीराचा तोल बदलतं. रिकाम्या हातानं बसवलेली फलांग लेझीम आल्यावर मोडते आणि सगळं पुन्हा बसवावं लागतं.

अंतराचा हिशेब मात्र पहिल्याच दिवशी शिकवायचा. दोन्ही हात लांब करून लेझीम शेजारणीला लागणार नाही इतकी जागा, आणि मागे-पुढे त्याहून जास्त, कारण फलांगेत रांग पुढे सरकते. तुटायला आलेली कडी शोधून ती लेझीम बाजूला काढायची. साखळीनं ओठ फुटलेली मुलगी पुन्हा मोकळेपणानं हात फेकत नाही.

मोठ्या मैदानात आणखी एक अडचण येते. ढोल एका टोकाला असेल तर शेवटच्या रांगेचा ठोका नेहमी मागे पडतो, आणि मुली बोलणी खातात. दोष त्यांचा नसतो. आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, म्हणजे पस्तीस मीटरवर तो सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. शंभर लेझमी त्या फरकानं वाजल्या की टणकन आवाजाचा चुरा होतो. उपाय दोन: ढोल मधोमध आणायचा, किंवा मागच्यांना पुढच्या मुलीच्या हाताकडे बघून वाजवायला शिकवायचं.

गॅदरिंग जवळ आलं की मोठ्या मुलींना ओढणीचा नाच हवा असतो. मोबाईलवर बेली डान्स पाहिलेला असतो. मी आनंदानं शिकवते, कारण लेझमीचा धडा तिथं उलटा होऊन कामाला येतो. ओढणी थांबवली की मरते. तिचा आकार तिच्याखाली शिरलेल्या हवेचा असतो, म्हणून ती सतत पुढं न्यावी लागते. अडीच-तीन मीटर लांब, मीटरभर रुंद, पातळ कापड घ्यायचं. रेशीम हळू उतरतं, पॉलिएस्टरचं शिफॉन भरकन खाली येतं. कापड मुठीत धरायचं नाही, बोटांच्या चिमटीत अलगद धरायचं. आधी नुसतं चालायचं, हात मागे पसरून. चालण्याच्या वेगानं पाठीमागे शीड भरतं. मग वळण, मग डोक्यावरून फिरवणं. हालचाल कोपरातून सुरू करायची आणि बोटांनी संपवायची. सराव पंख्याखाली करू नये. पंख्याची हवा कापड ओढून नेते आणि मुलीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. इजिप्तमध्ये नर्तकी बहुधा प्रवेशाला ओढणी घेतात आणि थोड्याच वेळात बाजूला टाकतात; पूर्ण गाणंभर ओढणी खेळवणं अमेरिकेत जास्त वाढलं. नवशिक्यांना पहिली रीत सोपी पडते.

आमच्या मुलींचे हात तसे कोरे नसतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणताना टिपऱ्या वाजवलेल्या असतात. तालुक्यातच गुरुकुंज मोझरी, त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी कानात लहानपणापासून. खंजिरी धरणाऱ्या मुलीला मनगटानं थांबणं समजावून सांगावं लागत नाही. तिला मी रांगेत मधोमध उभी करते, म्हणजे दोन्हीकडच्यांना तिचा हात दिसतो.

उन्हाळ्यात सराव सकाळी साडेसहाला. आठनंतर तिवस्याच्या उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही. शेवटची पाच मिनिटं लेझमींची: साखळी दांड्याभोवती गुंडाळायची, चकत्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, पावसाळ्याआधी तेलाचं बोट फिरवायचं आणि खिळ्यावर टांगायची. घामानं गंजलेली चकती पुढच्या वर्षी वाजत नाही.