विश्लेषण : व्यूहरचना चुकली की खेळाडू? ओहायो स्टेटच्या बचावाचे मोजमाप कसे करायचे?

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ओरेगॉनने ओहायो स्टेटला ३२-३१ असे हरवले. १ जानेवारी २०२५ रोजी ‘रोज बोल’मध्ये हेच संघ पुन्हा भिडले आणि ओहायो स्टेटने ४१-२१ अशी बाजी मारली. पुढे राष्ट्रीय विजेतेपदही याच संघाने पटकावले. अडीच महिन्यांत त्यांच्या बचावात काय बदलले?

बचावापुढचा पेच कोणता?

या खेळात आक्रमक संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, धावपटूकडे देतो किंवा स्वतः धावतो. त्याच्यावर किती जण सोडायचे आणि पास अडवायला किती जण मागे ठेवायचे, हा बचावाच्या ११ जणांपुढचा कायमचा प्रश्न. त्याचे उत्तर म्हणजे व्यूहरचना. ते मैदानावर उतरवणे ही अंमलबजावणी. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण चोख लावले तरी गोलंदाजाचा टप्पा चुकला की चौकार जातोच. उलट चेंडू अचूक पडूनही स्लिपच लावली नसेल, तर झेल कोण घेणार?

ऑक्टोबरमध्ये काय बिघडले?

ओरेगॉनचा क्वार्टरबॅक डिलन गॅब्रिएलने त्या सामन्यात पासवर ३४१ यार्ड मिळवले. त्याला चेंडूसह पाडण्यात, म्हणजेच ‘सॅक’ करण्यात, ओहायो स्टेटला एकदाही यश आले नाही. लांब पासवर मागचे बचावपटू उघडे पडले. पण क्वार्टरबॅकला निवांत वेळ मिळत असेल, तर त्यांना सगळा दोष देता येत नाही. दबाव पोहोचला नाही आणि त्याची किंमत मागच्या फळीने मोजली.

मग बदल कोणता केला?

बचावाचे प्रशिक्षक जिम नोल्स यांनी हल्ला कुठून येणार हे लपवण्यावर भर दिला. कोडी सायमन, सॉनी स्टाइल्स हे लाइनबॅकर अधूनमधून थेट क्वार्टरबॅकवर धावू लागले. सर्वांत मागे खेळणारा केलेब डाउन्स कधी पुढच्या फळीजवळ दिसू लागला. ‘रोज बोल’मध्ये ओहायो स्टेटने तब्बल आठ सॅक केले. सायमन सामन्यातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आकडे फसवे कसे?

त्या सामन्यात ओरेगॉनच्या खात्यात धावण्याचे उणे २३ यार्ड जमा झाले. मात्र महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये सॅकमुळे गमावलेले यार्ड धावण्यातूनच वजा होतात. त्यामुळे हा आकडा धावपटूंना रोखल्याइतकाच सॅकचाही आहे. दुसरीकडे, पासवर ओरेगॉनने २९९ यार्ड मिळवले. तेवढेच पाहिले तर बचाव ढिला वाटेल, पण ओहायो स्टेट त्याआधीच ३४-० असे पुढे गेले होते. कोणते यार्ड कोणत्या वेळी दिले, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

श्रेय कोणाचे?

१० जानेवारीच्या उपांत्य सामन्यात टेक्सासला गोलरेषा गाठायला एकच यार्ड हवा होता. पहिल्या प्रयत्नात त्यांना रोखले. दुसऱ्यात धावपटू सात यार्ड मागे पाडला गेला. तिसऱ्यात पास वाया गेला. चौथ्यात जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू उडवला आणि तोच उचलून ८३ यार्ड धावत गुण केले. डाव प्रशिक्षकाचा असेल. पण धाव सॉयरची होती.

विजेतेपदानंतर नोल्स पेन स्टेटकडे गेले. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने त्यांच्या बचावाविरुद्ध ४२ गुण केले आणि पेन स्टेट ३७-४२ असे हरले. एका सामन्यावरून प्रशिक्षकाची पारख होत नाही. मात्र वही सोबत नेता येते, डाउन्स आणि सॉयर नेता येत नाहीत, हे त्या निकालाने दाखवले.