लेथवरचा दिवा

चिंचवड-भोसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एकदोन लेथ मांडून मोठ्या कारखान्यांची कामे करणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. यंत्रापायी कर्ज काढलेले असते; दिवा मात्र आढ्याला, कामापासून आठ फुटांवर! तोच चार फुटांवर आणला तर उजेड साधारण चौपट मिळतो.

पण खरा धोका निराळाच आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणून चोकवरची ट्यूब आणि पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. आता चार जॉचा चक मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेत असला, तर दर लुकलुकीला एका जॉच्या जागी नेमका दुसरा येतो आणि फिरता चक थांबल्यासारखा दिसतो! शेजारच्या यंत्रांच्या खडखडाटात आवाजावरूनही उमगत नाही, आणि रात्रपाळीचा माणूस बेलाशक हात घालतो. जुना तारेचा दिवा ह्या बाबतीत बरा. तापलेली तार मधल्या क्षणात फारशी मंदावत नाही.

परीक्षा सोपी आहे. दिव्याखाली पेन्सिल झपाट्याने हलवावी. सलग पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या, तर तो दिवा लेथवर नको. चांगल्या अडॅप्टरवरचा २४ व्होल्टचा डीसी एलईडी लवचिक दांडीवर, टूलजवळ बसवावा. कूलंटचे पाणी उडणाऱ्या जागी कमी व्होल्टेज असलेले बरेच.