भुयाराला कुंड्या हव्यात

बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यात उतरले की बाहेरचे ऊन क्षणात मागे पडते. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपलेले पाणी इथे भुयारात गोळा होते आणि केवळ उताराच्या जोरावर शहराकडे वाहत येते. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास हे काम झाले. या भुयारावर ठरावीक अंतराने विहिरींसारखे शंभरावर झरोके खोदले आहेत. त्यांनाच कुंड्या म्हणतात. त्यांतून आत हवा आणि उजेड जातो आणि साचलेला गाळ काढायला माणूस उतरू शकतो. कुंड्या बुजल्या, तर आत पाण्याचे काय झाले आहे हे वरून चालणाऱ्याला कळणारही नाही.

धर्मसंस्थांचा इतिहास वाचताना मला या कुंड्या आठवतात. जिथे नियम सर्वांत कडक होते, तिथेच नियम लावणाऱ्यांचे वर्तन कधी कधी सर्वांत गढूळ का निघाले? उत्तराची सुरुवात आमच्याच गावातून करता येते.

राजदूत, शहजादा आणि बाटल्यांची पेटी

नोव्हेंबर 1615 मध्ये इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो बुऱ्हाणपुरात आला. मुघल बादशहा जहांगीराचा मुलगा शहजादा परवेझ तेव्हा इथे होता. रोने दिलेल्या नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. दरबारानंतर खासगी भेट ठरली होती, ती झालीच नाही. शहजादा शुद्धीवर नव्हता. पुढे 1626 मध्ये परवेझ याच शहरात मरण पावला, तोही दारूपायी. जहांगीराने गादीवर येताच राज्यात दारू गाळण्यास बंदी केली होती. स्वतः पीत असल्याची कबुली मात्र त्याने आपल्या आठवणींत दिली आहे. दंभ ही कुठल्या एका धर्माची मिरास नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

रोचा पहिला पाद्री 1616 मध्ये वारला आणि त्याच्या जागी एडवर्ड टेरी आला. टेरीचे प्रवासवर्णन 1655 मध्ये प्रसिद्ध झाले. बंदराजवळचे लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपल्याला काय ऐकवत, ते त्याने लपवलेले नाही. हे ख्रिस्ती फार पितात, मारतात, शिवीगाळ करतात, मग यांचा धर्म सैतानाचाच असणार, असा त्या बोलण्याचा आशय होता. भाव पाडून मागितला की स्थानिक दुकानदार विचारी, मी काय ख्रिस्ती आहे, तुम्हाला फसवायला? एका पाद्र्याने आपल्याच माणसांबद्दल हे लिहून ठेवावे, याला धैर्य लागते. परक्या भूमीवर आपला धर्म लोक ग्रंथांतून वाचत नाहीत, आपल्या माणसांच्या वागण्यातून वाचतात, हे त्याने ओळखले होते.

मुंबईतही अशीच एक गोष्ट घडली. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात इंग्रजांनी चर्चसाठी वर्गणी जमवली आणि 1676 मध्ये बांधकाम सुरू झाले. भिंती थोड्या उठल्या आणि काम थांबले, ते जवळजवळ चाळीस वर्षे. ही रक्कम पुढचा गव्हर्नर सर जॉन चाइल्डने स्वतःसाठी वळवली, असा आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या खलाशी-व्यापाऱ्याने 1727 मध्ये छापलेल्या ग्रंथात केला. शेवटी रिचर्ड कॉब या पाद्र्याने पाठपुरावा केला आणि 1718 च्या नाताळात चर्च उघडले. तेच आजचे सेंट टॉमस कॅथीड्रल. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून त्याच्याकडे वाट जाई, तो चर्चगेट.

कुंपणानेच शेत खाल्ले

या सगळ्यापेक्षा काळोखी कथा पोर्तुगीज सत्तेखालच्या दमण आणि गोव्याची आहे. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले. मधली काही वर्षे सोडली तर ते 1812 पर्यंत चालले. त्याच्या वाड्याला लोक 'व्होडलें घर' म्हणत, म्हणजे मोठे घर. नाव घेतानाही आवाज खाली येई. 1736 च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्या दारातली तुळस, पुरुषांचे धोतर, बायकांची चोळी, लग्नातली गाणी आणि मिठाशिवाय शिजवलेला भातसुद्धा गुन्ह्याच्या यादीत घातला. पातेल्यातल्या मिठापर्यंत ज्यांची नजर पोचत होती, त्यांची स्वतःवर किती होती?

शार्ल देलाँ हा तरुण फ्रेंच वैद्य दमणला राहत होता. तो श्रद्धावान कॅथलिक होता, पण वादात मोकळेपणाने बोले. इन्क्विझिशनचे न्यायाधीशही चुकू शकतात, असे त्याने म्हटले होते. कुरबूर कानावर आल्यावर तो स्वतःच स्थानिक कमिशनरकडे गेला आणि सगळे सांगून मोकळा झाला. तरीही ऑगस्ट 1673 मध्ये त्याला पकडले. पुढच्या जानेवारीत तो गोव्याच्या कोठडीत होता. तिथे निराशेने त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. 12 जानेवारी 1676 रोजी त्याला शिक्षा सुनावली: मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपारी आणि पोर्तुगालात पाच वर्षे सक्तमजुरी. 1677 मध्ये त्याची सुटका झाली आणि 1687 मध्ये त्याचे पुस्तक निघाले.

अटकेमागचे खरे कारण देलाँ वेगळेच सांगतो. दमणच्या गव्हर्नरचे एका स्त्रीवर मन बसले होते आणि देलाँचे तिच्या घरी जाणे-येणे होते. इन्क्विझिशनचा सचिव असलेला एक पाद्री तिच्या घरासमोरच राहत असे. त्यानेही तिला गळ घातली होती आणि तीही कुमसाराच्या वेळी, म्हणजे पापांची कबुली देण्याच्या पवित्र क्षणी, असे त्या स्त्रीनेच देलाँला सांगितले होते. ही एका कैद्याची बाजू आहे, हे विसरू नये. पण असा गुन्हा होतो, हे चर्चला नीट माहीत होते. 1622 मध्येच पोप पंधराव्या ग्रेगरीने फर्मान काढून कुमसारात स्त्रीला वश करू पाहणाऱ्या पाद्र्याची तक्रार करायला सांगितले होते. तक्रार कुठे करायची? इन्क्विझिशनकडे. दमणच्या त्या स्त्रीने मग कोणाचे दार ठोठावायचे होते?

1808 मध्ये क्लॉडियस ब्यूकनन हा स्कॉटिश पाद्री देलाँचे पुस्तक घेऊन गोव्याला गेला आणि ते त्याने तिथल्या इन्क्विझिटरलाच दाखवले. कोठड्या, छळ, खटल्याची रीत यांचे वर्णन ढोबळमानाने बरोबर असल्याचे इन्क्विझिटरने मान्य केले. हेतूंबद्दलचे आरोप तेवढे नाकारले. अनंत काकबा प्रियोळकरांनी 1961 मध्ये इन्क्विझिशनवरचा आपला ग्रंथ काढला, तेव्हा देलाँ आणि ब्यूकनन या दोघांच्या साक्षी पुन्हा वाचकांसमोर आणल्या.

नियम स्वतःच पडदा होतो तेव्हा

हे सगळे जुने झाले, असे म्हणता येत नाही. चेन्नईत 1946 मध्ये जन्मलेले रवी झकारायस जगभर ख्रिस्ती श्रद्धेचे विद्वान वकील म्हणून मानले गेले. पत्नी आणि मुली सोडून कोणत्याही स्त्रीबरोबर आपण एकटे राहत नाही, असे ते जाहीरपणे सांगत. एका स्त्रीने आरोप केले तेव्हा त्यांनी स्थापलेली धर्मप्रचार संस्था त्यांच्याच पाठीशी उभी राहिली. मे 2020 मध्ये ते वारले. नंतर संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये आला. मसाज करणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी केलेले गैरवर्तन आणि त्यांच्या फोनमधली तरुण स्त्रियांची दोनशेहून अधिक छायाचित्रे त्यात नोंदली गेली. जो नियम कुंपण म्हणून सांगितला जात होता, त्यानेच इतकी वर्षे आडोसा दिला.

कडक नियम माणसाला आपोआप शुद्ध करत नाही. नियम लावणाऱ्याला प्रश्न विचारायची सोय नसेल, तर तोच नियम त्याच्या हातात दुसऱ्यांना धाकात ठेवायचे हत्यार होतो. भक्ताला वाटते, एवढा कठोर माणूस वाईट कसा असेल? जिच्यावर अन्याय झाला तिला वाटते, माझ्यावर कोण विश्वास ठेवील? या दोन वाटण्यांच्या मधल्या जागेत बुवाबाजी पोसली जाते, मग अंगावर झगा असो की भगवी कफनी.

यावर इलाज आहेत आणि ते साधे आहेत. पोप फ्रान्सिस यांनी मे 2019 मध्ये लैंगिक अत्याचाराची माहिती वरपर्यंत कळवणे धर्मगुरूंना सक्तीचे केले आणि बिशपांनाही त्या चौकशीच्या कक्षेत आणले. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक केली आणि तिच्यावर एक सदस्य बाहेरचा असलाच पाहिजे, असे ठरवले. त्या एका बाहेरच्या खुर्चीचे मोल मोठे आहे. वर्गणीचा हिशेब उघडा असावा आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर जाऊ नये. संस्थापकालाही विचारणा करता आली पाहिजे.

टेरी पाद्री होता, कॉब पाद्री होता, देलाँ श्रद्धावान कॅथलिक होता. गाळ दाखवणारी ही माणसे त्याच धर्माची होती. त्यांना धर्मद्रोही ठरवणे सोपे असते. देलाँला तसे ठरवलेही गेले. पण कुंडी भंडाऱ्यात उतरून चुन्याचे थर खरवडणाऱ्याला कोणी पाण्याचा शत्रू म्हणत नाही. चारशे वर्षांनंतरही ते पाणी वाहते आहे, कारण बांधणाऱ्यांनी माणूस आत उतरेल अशी वाट ठेवली होती.