गुरू घडविणाऱ्या घरांचे ऋण

आषाढी पौर्णिमा उजाडली की मुखेडच्या घराघरांतून व्यासपूजेची लगबग सुरू होते. कोणी दीक्षागुरूंच्या दर्शनास निघतो, कोणी ज्ञानेश्वरीच्या पोथीवर फुले वाहतो, तर वीरशैव कुटुंबांत जंगमस्वामींची पादपूजा होते. गुरुचरणी मस्तक ठेवताना मात्र एक प्रश्न आपल्या मनात सहसा उमटत नाही. हे गुरू जेव्हा अद्याप गुरू झाले नव्हते, कोणी त्यांच्या पायां पडत नव्हते, त्या विद्यार्थिदशेत त्यांना दोन वेळचे अन्न कोणी घातले?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर आचरणातून दिले होते. त्या उत्तराचे नाव माधुकरी. भ्रमर ज्याप्रमाणे फुलास न दुखविता कणकण मध गोळा करतो, त्याप्रमाणे विद्यार्थ्याने पाच घरी जावे आणि कोणाही एका घरास भार न होता आपला निर्वाह करावा, अशी ही रीत. वै. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, तेव्हा तिच्यामागे ना संस्थानिक होता, ना मोठी ठेव. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ज्ञानेश्वरी, गाथा व कीर्तनशास्त्र शिकणारी मुले माधुकरीवर राहिली. आज ज्यांच्या कीर्तनास आपण तिष्ठत बसतो, त्यांतील कित्येकांची विद्या अशाच अनाम गृहिणींच्या भाकरीवर पोसली गेली आहे.

हाच प्रश्न इतर धर्मीयांनी कसा सोडविला, हे पाहणे बोधप्रद ठरेल. ख्रिस्ती धर्मातील कॅथलिक पंथात धर्मगुरू होणे ही दीर्घ तपश्चर्या असते. त्यासाठीच्या विद्यालयास सेमिनरी म्हणतात. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली अशी विद्यालये काढण्याचा नियम केला. तेथे विद्यार्थी आधी तत्त्वज्ञान व नंतर ईश्वरविद्या शिकतो, मध्यंतरी लोकांत जाऊन सेवा करतो. संन्यस्त संघात प्रवेश घेणाऱ्यास आरंभी उमेदवारीचा काळ काढावा लागतो आणि मग अपरिग्रह, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घ्यावी लागतात. काही संघांत हा सारा प्रवास दहा वर्षांहूनही अधिक चालतो. हा आपला मार्ग नव्हे असे ज्यास वाटेल, त्यास मध्येच परत फिरण्याची मोकळीक असते. अर्थात खर्च झालेले प्रत्येक वर्ष फळास येईलच, याची शाश्वती देणाऱ्यास कधीच नसते.

मग हा भार वाहतो कोण? फ्रान्समधील कां या गावच्या स्तेफनी व जान बिगार या मायलेकींची कथा येथे सांगण्यासारखी आहे. जपानमधील नागासाकीच्या बिशपांचे पत्र त्यांना १८८९ साली आले. धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण दाराशी आहेत, परंतु द्रव्याभावी त्यांना परत पाठवावे लागते, असा त्याचा आशय होता. मायलेकींनी स्वतः साधेपणाने राहून घरोघर सहाय्यक जोडले आणि दूरदेशींच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण उचलले. संत पीटर यांच्या नावाने त्यांनी उभारलेल्या या कार्यास १९२२ साली पोपची मान्यता मिळाली. ज्यांच्यासाठी त्या झिजल्या, त्यांतील बहुतेकांचे तोंडही त्यांनी पाहिले नसेल.

याच सुमारास, १८९३ साली, तेरावे पोप लिओ यांनी भारतासाठी श्रीलंकेतील कँडी येथे सेमिनरी काढली. या देशाचे धर्मगुरू याच देशाच्या पुत्रांतून घडावेत, हा तिचा हेतू. ती १९५५ साली पुण्यास आली. मराठवाड्यासाठी औरंगाबाद हा निराळा धर्मप्रांत १९७७ साली झाला. वसईच्या भूमीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच प्रदीर्घ शिक्षणातून १९७२ साली धर्मगुरू झाले. पुढे त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले. एका मुलास घडविण्यासाठी कोणी अज्ञात घरांनी दिलेले धन अखेरीस मराठी भाषेच्याही पदरात पडले, असे म्हणावयास काय हरकत आहे?

धर्मांतराच्या प्रश्नावर आमच्या वाचकांची मते ठाम आहेत, हे आम्ही जाणतो. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु मतभेद राखूनही दुसऱ्याच्या अंगणातील चांगली रीत पाहून आपले अंगण झाडावयास प्रत्यवाय नसावा. विशेषतः तेथील मातेचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तिचा पुत्र विवाह करणार नाही, घरी कमावून आणणार नाही, तिच्या म्हातारपणी उशाशी असेलच असेही नाही. द्रव्य देणारे पुष्कळ, पण असे दान देणारी ती एकच. आपल्याकडेही लेकरास आळंदीस किंवा मठात पाठविणाऱ्या माउलीचे दुःख याहून निराळे नसते.

आज आपण उत्सवांस सढळ हाताने देतो. सप्ताहाचा मंडप, ध्वनिक्षेपक, महाप्रसाद यांस काही उणे पडत नाही. कीर्तनकाराची बिदागीही आपण आनंदाने देतो. परंतु ती पिकलेल्या फळाची किंमत झाली. रोपास पाणी घालण्याची वेळ वीस वर्षे आधी येऊन गेलेली असते आणि तेव्हा आपण दाराशी नसतो. दारावर झोळी येईनाशी झाली, म्हणून देण्याचे कर्तव्य संपले काय?

येथून चातुर्मास पुढे आहे. मुखेड तालुक्यातील पाच घरांनी एकत्र येऊन वेद, कीर्तन वा शिवागम शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा वर्षाचा शिधा, वह्या-पोथ्या आणि औषधपाणी उचलले, तर जुनी माधुकरीच नव्या रूपाने नांदेल. तो मुलगा पुढे थोर महाराज होईल की शिक्षण अर्धवट टाकून गावी परतेल, हे विचारू नये. सत्पात्र पाहून द्यावे, नेमाने द्यावे आणि फळ ईश्वराधीन ठेवावे. गुरूंच्या चरणी वाहिलेली फुले सायंकाळी सुकतात. होऊ घातलेल्या गुरूच्या ताटात वाढलेली भाकरी मात्र पिढ्यान् पिढ्या पुरते.