घाणेरी वरून कापली तर पुन्हा फुटणारच! घाव नेमका कुठं घालायचा?

वडगाव मावळ : पावसानं जरा उघडीप दिली की मावळात हे दृश्य हमखास दिसतं. परसात, बांधावर, तारेचं कुंपण घालून नुसत्याच पडून असलेल्या प्लॉटवर माजलेल्या घाणेरीवर कोयते चालतात. दोन-तीन दिवसांत रान मोकळं होतं. कापलेला ढीग वाळला की त्याला काडी लावली जाते. मालक खूश. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्याच खोडाला चहूबाजूंनी फुटवे येतात आणि आधीपेक्षा दाट जाळी उभी राहते. मजुरी गेली पाण्यात.

घाणेरी म्हणजेच टणटणी. ही मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. इंग्रजांच्या काळात, १९ व्या शतकाच्या सुरुवातीला, शोभेचं झुडूप म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तिथून देशभर पसरली. काळी पिकलेली फळं बुलबुलासारखे पक्षी खातात आणि झाडाखाली, तारेखाली बी टाकतात. म्हणून कुंपणाच्या रेषेत ती आधी उगवते. शेजारचा प्लॉटवाला मुंबईत आणि त्याची घाणेरी आपल्या भाताच्या बांधावर, ही तक्रार पवन मावळापासून आंदर मावळापर्यंत सगळीकडे सारखीच आहे.

ती पुन्हा का फुटते, याचं उत्तर दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून मिळतं. त्यांनी उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात घाणेरी काढण्याची पद्धत बसवली आणि २००९ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं सोपं आहे. खोड संपून मूळ सुरू होतं त्या सांध्यावर फुटव्यांचे डोळे असतात. कोयता त्याच्या वर चालतो, म्हणून डोळे शाबूत राहतात. जाळलं तरी मातीच्या आडोशानं ते वाचतात. पण या सांध्याच्या खाली मुख्य मूळ तोडलं, तर जमिनीत राहिलेलं मूळ फुटत नाही.

म्हणजे करायचं काय? आधी कोयत्यानं बाहेरच्या फांद्या छाटून खोडापर्यंत वाट करून घ्यायची. बुंध्याभोवतीची माती कुदळीनं थोडी बाजूला करायची. जमिनीखाली साधारण एक-दोन इंचांवर मुख्य मूळ दिसतं. तिथं टिकावाच्या चपट्या बाजूनं घाव घालायचा. बांधावरच्या जुन्या झुडपावर माती चढलेली असते, तिथं जरा जास्त उकरावं लागतं. मूळ तुटलं की एकानं पहार घालून उचलायचं, दुसऱ्यानं ओढायचं. आडव्या पडलेल्या फांद्यांनी मातीला टेकून मुळं धरली असतील तर तीही सोडवायची. हे विसरलं की तिथून नवीन झुडूप तयार होतं.

निघालेलं झुडूप तसंच टाकून चालत नाही. ओल्या मातीला बुंधा लागला की ते पुन्हा जीव धरतं. त्यामुळं उलटं, मुळं आभाळाकडं करून ठेवायचं. वाळलं की चुलीला सरपण होतं.

हे काम वाफशावर करावं. मे महिन्यात मुरमाड जमीन दगडासारखी असते, मूळ वरच तुटतं आणि डोळे आतच राहतात. पाऊस पडून माती भिजली की निम्मं कष्ट वाचतं. फळं काळी व्हायच्या आत काम उरकलं तर बी सांडत नाही. फळं आली असतील तर आधी फळांच्या फांद्या वेगळ्या कापून पोत्यात भराव्यात.

मग सरळ जेसीबी का लावू नये? सपाट जागेवर लावता येईल, पण उतारावर नको. लोणावळ्याकडं वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. अख्खा उतार उकरून ठेवला तर वरची चांगली माती पहिल्या मोठ्या सरीत ओढ्याला जाते. मूळ तोडण्याच्या पद्धतीत खालची मुळं जमिनीतच राहतात आणि माती धरून ठेवतात. उतारावर आडवे पट्टे पाडून एकेक पट्टा मोकळा करावा, मधलं गवत तसंच ठेवावं. काडी लावायची तर गोष्टच सोडा. वारं फिरलं की वणवा डोंगरावर जातो, आणि राखीव वनाला आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणं गुन्हा आहे. वनखात्याच्या जागेतली घाणेरी परस्पर काढायलाही जाऊ नये.

कोयता चालवण्याआधी झुडूप ओळखावं. घाणेरीची कोवळी फांदी चौकोनी, त्यावर मागं वळलेले बारीक काटे. पान खरखरीत, चोळलं की उग्र वास. करवंदीचं पान गुळगुळीत आणि तोडलं की पांढरा चीक येतो. करवंद, कारवी, धायटी ही आपल्या डोंगरातली झुडपं आहेत, साफसफाईच्या नादात ती जाऊ देऊ नयेत. कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती ज्यांच्या घराला होत्या, त्यांना हे सांगायची गरज नाही.

जाडे हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट हवेतच. जाळीत घोणस, फुरसं, गांधील माशांचं पोळं असू शकतं. हात घालण्याआधी लांब काठीनं जाळी हलवावी. साप चावलाच तर मांत्रिकाकडं वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

जनावरं साधारणपणे घाणेरीला तोंड लावत नाहीत. पण उन्हाळ्यात चारा संपला की खातात, बाहेरून विकत आणलेली तर जास्तच. त्यातून यकृत बिघडतं, डोळे पिवळे पडतात, उन्हात नाकपुडीची आणि अंगाची कातडी सोलवटते. असं दिसलं तर जनावर सावलीत बांधून पशुवैद्यकाला बोलवावं. म्हणून कापलेला पाला गोठ्याजवळ टाकू नये. हिरवी फळं पोरांनीही खाऊ नयेत.

जागा मोकळी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. मातीत पडलेलं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं. दर पावसाळ्यात एक-दोन फेऱ्या मारून वीतभर रोपं हातानं उपटावीत, ती सहज येतात. मोठ्या झाडांखाली आणि तारेखाली आधी बघावं. मोकळ्या जागेत लगेच काहीतरी लावावं : बांधावर वाळा, उतारावर मारवेल गवत, कडेला करंज किंवा जांभूळ. उघडी जमीन सोडली तर घाणेरी नाही आली तरी रानमोडी येते. रानमोडीचं बी कापसासारखं वाऱ्यावर उडतं, त्यामुळं ती फुलायच्या आत, दिवाळीआधी मुळासकट उपटलेली बरी.