मेक्सिकोचे अन्न आणि देवळीची चूल : गैरसमज व वस्तुस्थिती

वर्ध्याहून यवतमाळकडे जाताना लागणाऱ्या देवळीतील गृहिणीला मेक्सिकोचे अन्न सातासमुद्रांपलीकडचे वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु याच वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1924 च्या सुमारास मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि चित्रकार दिएगो रिवेरा यांनी भित्तिचित्रात त्यांना अन्नाच्या पंक्तीत बसविले, हे ध्यानी आले म्हणजे तो मुलूख तितकासा परका राहत नाही.

गैरसमज : मिरची अनादिकाळापासून आपलीच.

वस्तुस्थिती : मिरची प्रथम लागवडीस आली ती मेक्सिकोत; पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यास लागली, आणि तत्पूर्वी तिखटाचा सारा कारभार मिरी, पिंपळी व आले यांच्याकडे होता.

गैरसमज : मेक्सिकन जेवण म्हणजे चीज, मैदा आणि नाचोज.

वस्तुस्थिती : गाय व गहू हे दोन्ही तेथे स्पॅनिश लोकांनी 1519 नंतर नेले, आणि नाचोज तर सीमेवरील पिएद्रास नेग्रास गावी इग्नासिओ अनाया यांनी 1943 मध्ये प्रथम केले. तेथील नित्याचे अन्न म्हणजे मक्याची तोर्तिया, राजम्यासारखी कडधान्ये आणि दगडी खलात वाटलेली टोमॅटो-मिरचीची साल्सा. तिच्यात पडणारा सांभार, म्हणजे कोथिंबीर, मात्र आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेला.

गैरसमज : तोर्तिया म्हणजे मक्याच्या पिठाची भाकर.

वस्तुस्थिती : मक्याचे साधे कोरडे पीठ भिजवून तोर्तिया होत नाही. 1 किलो वाळलेल्या मक्याच्या दाण्यांस, कोरड्या वजनाने सुमारे 10 ग्रॅम खाण्याचा चुना विरघळविलेल्या पाण्यात, अर्धा-पाऊण तास मंद उकळावे, रात्रभर तसेच ठेवावे, सकाळी चोळून साली धुवून टाकाव्यात आणि ओलेच वाटावे. चुन्यामुळे पिठास चिकटपणा येतो, कॅल्शियम वाढते व मक्यात बद्ध असलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास लाभते. ही कृती न शिकता केवळ मका नेणाऱ्या युरोपातील गरिबांत नायसिनच्या अभावाचा पेलाग्रा हा रोग पसरला. चुना ॲल्युमिनियमला खातो, म्हणून पातेले स्टीलचे घ्यावे.

तेव्हा तोर्तियासाठी शहरातील महागडे जिन्नस धुंडाळण्याची खटपट नको; पाटा, तवा आणि मिरची घरात आहेतच, मका बाजारात मिळतो, आणि राहता राहिला चुना, तो चौकातल्या पानठेल्यावर आहे.