माळावरचे विद्यापीठ आणि पहिले कुलगुरू

विधिमंडळाने कायदा संमत केला म्हणजे विद्यापीठ स्थापन होते. ते उभे राहण्यास मात्र पुढे अनेक वर्षे लागतात. जमीन, पाणी, ग्रंथालय, अध्यापकवर्ग आणि परिसरातील जनतेचा विश्वास यांची जुळवाजुळव पहिल्या कुलगुरूंनाच करावी लागते. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात. प्रत्यक्ष शैक्षणिक व प्रशासकीय नेतृत्व कुलगुरूंकडे असते. हे नेतृत्व काय साधू शकते, हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या कारकीर्दीवरून दिसून येते. कर्जत तालुक्यात अलीकडे खासगी विद्यापीठांची संकुले उभी राहिली असल्याने कशेळे परिसरालाही हा इतिहास उपयुक्त ठरावा.

उजाड माळावर आरंभ

चीनशी युद्ध चालू असताना, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. आरंभी ३४ महाविद्यालये व सुमारे १४ हजार विद्यार्थी विद्यापीठाच्या कक्षेत होते. संकुलासाठी निवडलेला सागरमाळ खडकाळ व उजाड होता. इतिहासाचे व्यासंगी संशोधक असलेल्या पवार यांनी १९७५ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, या संस्थेची धुरा वाहिली. एकाच व्यक्तीला इतका काळ मिळाल्याने पदव्युत्तर विभाग, ग्रंथालय व वसतिगृहे यांच्या उभारणीत सातत्य राहिले.

श्रम आणि संशोधन

विद्यापीठाच्या कक्षेतील बहुसंख्य कुटुंबे शेतकरी होती. उच्च शिक्षणाची पहिलीच पिढी असलेल्या विद्यार्थ्यास प्रवेश मिळाला, तरी राहण्याजेवण्याचा खर्च त्यास पेलत नसे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेले स्वावलंबी शिक्षणाचे तत्त्व पवार यांनी 'कमवा व शिका' योजनेद्वारे विद्यापीठाच्या स्तरावर आणले. विद्यार्थ्याने आवारात रोज ठरावीक वेळ काम करावे आणि त्याच्या मोबदल्यात आपले शिक्षण पूर्ण करावे, अशी ही व्यवस्था होती. प्रशासनाचा व्याप सांभाळतानाही त्यांचा व्यासंग खंडित झाला नाही. 'ताराबाईकालीन कागदपत्रे' हे त्यांनी संपादित केलेले साधनग्रंथ विद्यापीठानेच प्रसिद्ध केले. अशा रीतीने परिसराचा इतिहास हा विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय झाला.

कशेळे परिसरासाठी बोध

कर्जत-मुरबाड मार्गावरील कशेळ्याच्या आसपास ठाकूर व कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत. कर्जत-खालापूर भागातील पारंपरिक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. खासगी विद्यापीठांना महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. त्यांचे शिक्षण मुख्यतः त्यांच्या संकुलात जाऊनच घ्यावे लागते. त्यामुळे संकुल शेजारी असले, तरी शुल्क परवडले नाही तर वाडीवरील मुलामुलींना त्याचे दार बंदच राहते.

यासाठी ग्रामपंचायती, शाळा व विद्यापीठांचे प्रमुख यांच्यात नियमित संवाद हवा. सरकारी शिष्यवृत्त्यांची माहिती आणि जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेवर मिळतील अशी व्यवस्था गावपातळीवर करता येईल. शुल्कसवलत, आवारातील काम व ग्रंथालयाचा वापर यांविषयी विद्यापीठांकडे आग्रह धरता येईल. सागरमाळावर हे कुलगुरूंच्या पुढाकाराने घडले. येथे गावांनी पहिले पाऊल टाकल्यास शेजारचे संकुल त्यांच्याही मुलांचे होऊ शकेल.